परदेशी मित्रकीटक आणताना लाख आणि टसर विसरू नका

प्रति,
मा. वनस्पती संरक्षण सल्लागार, भारत सरकार, फरिदाबाद
मा. संचालक, राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरो, बंगळूरू

महोदय,

सविनय नमस्कार.

परदेशातून आणलेला परजीवी कीटक, म्हणजे दुसऱ्या किडीत अंडी घालून तिला मारणारा मित्रकीटक, शेतात सोडण्यापूर्वी तो आपल्याकडच्या आणखी कुणाकुणावर अंडी घालू शकतो, हे तपासले जाते. यजमान-विशिष्टतेची चाचणी म्हणतात तिला. शेतकऱ्यापर्यंत पोचतो तो फक्त तिचा शेवट: कार्यक्रमाचा मांडव, प्लास्टिकच्या डब्या आणि पाहुण्यांच्या हस्ते उघडलेली झाकणे. मी लिहितो आहे ते त्याआधीच्या महिन्यांबद्दल. त्या महिन्यांत ज्या किड्यांवर चाचणी होते, त्यांच्या यादीत लाखेचा किडा आणि टसर रेशमाची अळी यांना कायमची जागा द्या आणि चाचणीचा पूर्ण निकाल आमच्या भाषेत आमच्यासमोर ठेवा, एवढी विनंती आहे.

माझी नोकरी ऊसपट्ट्यातल्या एका साखर कारखान्याच्या जैविक प्रयोगशाळेत झाली. ट्रायकोकार्ड, म्हणजे ट्रायकोग्रामा या बारीक परजीवी माशीची कार्डे, बनवणे हे रोजचे काम. त्यामुळे मित्रकीटकांना विरोध करणारे हे पत्र नाही, हे आधीच सांगतो. २००२ च्या पावसाळ्यात सांगलीकडे लोकरी मावा दिसला, तेव्हाचे दिवस आठवतात. पानांच्या खाली पांढरा थर, वर काजळी, आणि डोक्याच्या वर गेलेल्या उसात पंप घेऊन शिरायलाही वाट नाही. औषधे फवारून लोक थकले. तो मावा खाली बसला तो डिफा, मायक्रोमस आणि आसामकडून आलेली एन्कार्सिया या कीटकांमुळे. ज्यांनी ते पाहिले, त्यांना जैविक नियंत्रणाची महती वेगळी पटवून द्यावी लागत नाही.

पपईचेही तेच. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचा पपईवरचा पिठ्या ढेकूण २००८ मध्ये कोइमतूरला सापडला आणि दोन वर्षांत आपल्याकडे पुण्यापर्यंत आला. फळावर, देठावर, पानावर कापूस पिंजून टाकल्यासारखा थर. तमिळनाडूत तो तुतीवरही गेला आणि तिथे तर हात बांधलेले होते, कारण तुतीवर औषध मारले की त्या पाल्यावर वाढणारा रेशीमकिडा मरतो. जुलै २०१० मध्ये आपल्या संस्थेने पोर्टो रिकोहून तीन परजीवी जाती मागवल्या. त्यांतली अ‍ॅसेरोफॅगस पपाये ही मोहरीच्या दाण्याहून बारीक माशी (खरे तर परजीवी गांधीलमाशीच) इथे अशी रुळली की काही महिन्यांत बागा किडीतून मोकळ्या झाल्या. त्या वर्षी बागा उपटून टाकलेले शेतकरी मला माहीत आहेत. तुमच्या संस्थेचे ऋण ते आणि मी कधी विसरणार नाही.

तरीही हे पत्र लिहावेसे वाटले, कारण औषध चुकले तर पुढच्या हंगामात बंद करता येते. सोडलेली माशी परत बोलावता येत नाही. ती रुजली तर आपल्या नातवंडांच्या काळातही इथेच असणार. म्हणून ती सोडण्याआधीचे काम सर्वांत मोलाचे, आणि नेमके तेच सर्वांत कमी लोकांनी पाहिलेले.

ज्यांनी ही चाचणी पाहिलेली नाही अशा वाचकांसाठी ती थोडक्यात सांगतो. एका बंद भांड्यात परक्या जातीचे, म्हणजे ज्यावर माशीने जाऊ नये असे किडे त्यांच्या झाडासकट ठेवतात. त्यात एक मादी सोडतात. ती मिलन झालेली, मध खाल्लेली आणि आधी कुठल्याही किडीवर अंडे न घातलेली असावी लागते. ती पानावरून चालत येते, मिशांनी किड्याच्या पाठीवर टकटक करते, फिरते, थांबते. कधी पाठ वळवून निघून जाते, कधी शेपटाकडची सुई रोवते. बाजूच्या भांड्यात तीच गोष्ट, पण तिच्या आवडत्या किडीसह. तिसऱ्या भांड्यात परका किडा आहे आणि माशीच नाही, म्हणजे किडे आपोआप किती मरतात तेही कळते. आणि ज्या मादीने परक्या किड्याला तोंड लावले नाही, तिला शेवटी तिची खरी कीड देऊन पाहायची. तिथे तिने अंडी घातली तरच तिचा आधीचा नकार खरा धरायचा. नाहीतर ती आजारी किंवा म्हातारी होती एवढेच सिद्ध होते.

इथपर्यंत चाचणी सोपी वाटते. खरी मेख मोजण्यात आहे. किड्यातून नवी माशी बाहेर आली का, एवढेच मोजले तर अर्धी गोष्ट सुटते. पुष्कळदा मादी परक्या किड्यात अंडे घालते, पण किड्याच्या रक्तातल्या पेशी त्या अंड्याभोवती गोळा होतात आणि त्याला कोंडून मारतात. सूक्ष्मदर्शकाखाली तो किडा पाण्याच्या थेंबात उलगडला की आत काळा ठिपका दिसतो. तो त्या गुदमरलेल्या अंड्याचा. नवी माशी जन्मली नाही, म्हणून कागदावर शून्य लागते. पण त्या झटापटीत किडा अनेकदा मरतो किंवा अंडी घालेनासा होतो. काही जातींच्या माद्या तर अंडे न घालताच सुईने भोसकतात आणि बाहेर आलेला रस पितात. त्यातही किडा जातो. ज्यांच्या पोटापाण्याचा किडा असा मरणार, त्यांच्या दृष्टीने ते शून्य नव्हे. म्हणून चाचणीतला प्रत्येक परका किडा उघडून पाहिला जावा आणि काळ्या ठिपक्यांची संख्याही निकालात यावी, असे मला कळकळीने वाटते.

उलट बाजूही आहे, ती लपवून चालणार नाही. छोट्या भांड्यात कोंडलेली मादी नाइलाजाने अशा किड्यावरही अंडी घालते, ज्याच्याकडे ती रानात ढुंकूनही पाहणार नाही. रानात तिला आधी झाड शोधावे लागते. किडीने कुरतडलेल्या पानाचा वास, किडीच्या चिकट्याचा वास, या वाटेने ती पोचते. भांड्यात ती वाटच नसते. त्यामुळे बंद भांड्यातल्या होकारावरून एखादी चांगली माशी नाकारणे हाही अन्याय ठरतो, आणि तो शेवटी शेतकऱ्यावरच होतो. यावर उपाय म्हणजे पायऱ्यापायऱ्यांनी जाणे: आधी छोटे भांडे, मग दोन्ही किडी एकत्र ठेवून निवड, मग मोठा पिंजरा आणि त्यात जिवंत झाडे. तुमच्या शास्त्रज्ञांना हे मी सांगायला नको. सांगतो ते एवढ्यासाठी की प्रत्येक पायरीवर काय दिसले, हे बाहेरच्यांनाही समजण्यासारखे आहे. ते समजावून सांगितले तर कुणी उगाच घाबरणार नाही.

आता आमच्या ट्रायकोकार्डबद्दल. ज्वारीच्या भरड्यावर तांदळाचा पतंग वाढवायचा, त्याची अंडी चाळून घ्यायची, अतिनील दिव्याखाली त्यातला जीव मारायचा, डिंक लावलेल्या कार्डावर ती पसरायची आणि त्यावर ट्रायकोग्रामा सोडायची. तीन-चार दिवसांत पांढरी अंडी काळी पडतात, कार्ड तयार. एका कार्डावर वीसेक हजार. हे सारे शक्य होते, कारण ट्रायकोग्रामा खोडकिड्याच्या अंड्यावर जगते तशी धान्यातल्या पतंगाच्या अंड्यावरही जगते, ज्याची गाठ उसाच्या शेतात तिला कधी पडणार नाही. जी माशी सगळ्यांची अंडी चालवून घेते, ती कारखान्यात स्वस्तात वाढते. जी एकाच किडीवर अडून बसते, तिच्यासाठी आधी ती कीड, किडीसाठी झाड, झाडासाठी जागा, सगळा संसार मांडावा लागतो. पपईच्या माशीसाठी ट्रेमध्ये कोंब आलेले बटाटे ठेवून त्यावर पिठ्या ढेकूण पोसावा लागत होता. कसावा म्हणजे ज्याच्या कंदाचा साबुदाणा होतो ते झाड, त्याच्या पिठ्या ढेकणावरच्या माशीसाठी कसाव्याची रोपेच लागतात. स्वस्त आणि निवडक या दोन गोष्टी एका माशीत सहसा मिळत नाहीत. पुढे कधी परदेशी कीटक निवडताना "वाढवायला सोपा" हा गुण यादीत वर आला, तर मला धास्ती वाटेल.

ट्रायकोग्रामा आपल्या मातीतलीच आहे आणि शेतात सोडल्यावर थोड्या दिवसांत तिची संख्या खाली येते. त्यामुळे तिच्याबद्दल मी हाकाटी करत नाही. पण एक गोष्ट विचार करायला लावते. चीनमध्ये ट्रायकोग्रामाची एक जात मोठ्या प्रमाणावर वाढवतात, ती ओकच्या झाडावरच्या रेशीमपतंगाच्या अंड्यांवर. तो पतंग आपल्या टसरच्या पतंगाचा सख्खा भाऊबंद, एकाच अँथेरिया कुळीतला. म्हणजे रेशमाच्या अंड्यावर ट्रायकोग्रामा जगू शकते, हे तिथे कारखान्याच्या पातळीवर सिद्ध झालेले आहे. आपल्याकडे टसरची अंडी बहुधा घरात, बीजकेंद्रात घेतली जातात, झाडावर जाते ती अळी. त्यामुळे पाळलेल्या टसरला धोका कमी. जंगलातल्या रानटी टसरचे काय, याचे उत्तर चाचणीनेच द्यायचे.

टसरचा आग्रह मी का धरतो, तेही सांगतो. माझी लेक गडचिरोलीतल्या आरमोरीकडे दिली आहे. तिथे आणि भंडाऱ्याकडे ढिवर कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या ऐनाच्या आणि अर्जुनाच्या झाडांवर टसरच्या अळ्या पाळतात. हंगामात माणसे रानातच मुक्कामाला असतात. पाखरे हाकायची, मुंग्या झटकायच्या, पाला संपला की अळ्या दुसऱ्या झाडावर न्यायच्या. तिथल्या एका वयस्क पालकाने मला कोषाच्या टोकरीतून एक कोष काढून दाखवला होता. बाजूला टाचणीच्या डोक्याहून जरा मोठे गोल भोक. पतंग बाहेर पडतो तेव्हा तो टोकाकडून, कोष ओला करून निघतो. हे भोक कुशीतून कुरतडलेले होते. आतला कोषकीटक संपलेला आणि धागा जागोजागी तुटलेला, त्यामुळे सलग सूत निघायचे नाही. हे काम पिवळ्या रंगाच्या एका परजीवी गांधीलमाशीचे, झँथोपिम्प्ला तिचे नाव. अळीवर अंडी घालणाऱ्या उझी माशीचा त्रास वेगळाच. परजीवी कीटक काय करू शकतो, हे या लोकांना पुस्तकातून शिकावे लागत नाही. उद्या कुठल्या पतंगवर्गीय किडीसाठी, मग ती लष्करी अळी असो की आणखी कुणी, नवी माशी आणायची ठरली, तर तिच्या भांड्यात टसरची अळी, अंडे आणि कोष तिन्ही गेले पाहिजेत.

परदेशातला एक दाखला इथे द्यावाच लागेल. अमेरिकेच्या ईशान्य भागात १९०६ पासून युरोपातली कॉम्प्सिल्युरा नावाची माशी जिप्सी पतंगाविरुद्ध सोडली गेली. ही गांधीलमाशी नव्हे, आपल्या उझीच्या गोतातली. ती दीडशेहून अधिक जातींच्या अळ्यांवर जगू शकते, आणि जिप्सी पतंगाला नेमकी फारशी आवरत नाही. २००० मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या संशोधकांनी सेक्रोपिया या मोठ्या रेशीमपतंगाच्या अळ्या रानात मुद्दाम ठेवून पाहिल्या, तेव्हा त्यांतल्या बहुतेक या माशीनेच मारल्याचे आढळले. सेक्रोपिया आणि टसर एकाच घराण्यातले. तिथे त्या पतंगावर कुणाची चूल पेटत नव्हती. आपल्याकडे पेटते.

लाखेचे प्रकरण मला त्याहून तातडीचे वाटते, कारण सध्या आपल्याकडे येणाऱ्या परदेशी किडींत पिठ्या ढेकूण, पांढरी माशी, खवले कीड यांचा भरणा आहे. लाखेचा किडा याच मंडळींच्या जवळचा नातेवाईक. पिठ्या ढेकणावर सोडल्या जाणाऱ्या माश्या बहुतेक एन्सिर्टिड या बारीक गांधीलमाश्यांच्या घराण्यातल्या असतात, आणि लाखेच्या किड्याचा जुना वैरी टॅकार्डिएफॅगस हाही त्याच घराण्यातला. नात्याने जवळ असलेल्या जाती आधी तपासायच्या हा या चाचणीचा पहिला नियम आहे. त्या नियमाने पाहिले तर पिठ्या ढेकणाच्या प्रत्येक नव्या माशीपुढे लाखेची काडी धरलीच पाहिजे. गोंदिया-गडचिरोलीकडे पळसावर, बोरीवर लाख घेणारा माणूस सहसा कोरडवाहू जमिनीचा किंवा बिनजमिनीचा असतो. त्याच्याकडे फवारणीचा पंप नाही, नुकसानीचा पंचनामा करायला येणारा तलाठी नाही. लाख कमी उतरली तर तो पावसाला किंवा उन्हाला दोष देईल आणि वर्षानुवर्षे कुणाला खरे कारण कळणार नाही.

हे सारे अति सावधपणाचे वाटत असेल तर न्यूझीलंडकडे पाहावे, कारण तिथे दोन्ही अनुभव शेजारी शेजारी ठेवलेले आहेत. १९८२ मध्ये त्यांनी लसूणघासावरच्या सोंडकिड्यासाठी मूळची मोरोक्कोची मायक्रोक्टोनस एथिओपॉइडिस ही माशी आणली. त्या काळी परक्या जातींची तपासणी आजच्यासारखी होत नसे. माशीने सोंडकिडा आवरला. पण पुढे ती डझनभराहून अधिक इतर सोंडकिड्यांत सापडली, त्यांत तिथले मूळचे देशी किडे होते आणि तण खाण्यासाठी मुद्दाम आणलेला एक उपयुक्त सोंडकिडाही होता. त्यानंतर १९९१ मध्ये गवतावरच्या दुसऱ्या सोंडकिड्यासाठी दक्षिण अमेरिकेतून तिचीच बहीण मायक्रोक्टोनस हायपेरोडे आणली, ती मात्र विलगीकरणात देशी सोंडकिड्यांपुढे धरून, निकाल पाहून. ती रानात बऱ्यापैकी आपल्या मर्यादेत राहिली. आणि २००६ मध्ये क्लोव्हर या चाऱ्याच्या पिकावरच्या सोंडकिड्यासाठी पुन्हा एथिओपॉइडिसच आणायची वेळ आली, तेव्हा युरोपातल्या वेगवेगळ्या वाणांतून आयर्लंडचा वाण निवडला. त्या वाणाच्या माद्या नराशिवाय प्रजा देतात, त्यामुळे आधीच्या मोरोक्कन वाणाशी संकर होण्याची भीती नव्हती. एकाच जातीचे दोन वाण, एक उपद्रवी ठरला आणि एक चालला. नुसते जातीचे नाव बघून परवाना देता येत नाही, हे मला त्यातून कळले. ज्या वाणाची चाचणी झाली तोच वाण सोडला जातो आहे, याची नोंदही म्हणून हवी.

हवाईतली गोष्ट तर मन विषण्ण करणारी आहे. कौआई बेटावर अलाकाई नावाचा दुर्गम, दलदलीचा डोंगराळ प्रदेश आहे. शेतीपासून लांब. तिथल्या देशी पतंगांच्या अळ्यांतून निघालेल्या परजीवी कीटकांपैकी ८३ टक्के हे माणसाने जैविक नियंत्रणासाठी आणलेल्या जातींचे निघाले, असे २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या सगळ्या १९४५ च्या आधी सोडलेल्या. त्या वेळी ज्यांनी डब्या उघडल्या असतील, त्यांना वाटले असेल की आपण उसाच्या आणि भाजीच्या शेतात सोडतो आहोत. आपले सह्याद्रीचे माथे, मेळघाट, भीमाशंकर शेतापासून अलाकाईइतकेही लांब नाहीत.

या सगळ्याला उत्तर म्हणून कुणी म्हणेल की कीड दारात उभी असताना वर्षे घालवायची का? प्रश्न रास्त आहे, आणि माझी खरी मागणी इथेच आहे. कीड दारात येण्याआधीच चाचणी सुरू करा. कसाव्यावरचा पिठ्या ढेकूण १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला आफ्रिकेत दिसला. पॅराग्वेत सापडलेली अ‍ॅनागायरस लोपेझी ही माशी १९८१ मध्ये नायजेरियात सोडली गेली आणि तिने त्या खंडातल्या लाखो घरांचे अन्न वाचवले. त्या कामाचे नेतृत्व करणाऱ्या हान्स हेरेन यांना १९९५ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. तोच ढेकूण २००८ मध्ये थायलंडमध्ये पोचला आणि २०२० मध्ये केरळात, थ्रिसूरला. मग तमिळनाडूतल्या सेलमच्या पट्ट्यात. आषाढी-कार्तिकीला, महाशिवरात्रीला आपल्या घरोघरी जी साबुदाण्याची खिचडी होते, तिचा कंद बहुतांशी याच सेलमकडचा. तुम्ही पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिनहून माशी मागवली, विलगीकरणात ठेवली आणि मार्च २०२२ मध्ये सेलमकडच्या येथापूरला सोडली. काम चोख झाले. पण थायलंड ते केरळ हे अंतर कापायला किडीला बारा वर्षे लागली होती. ती बारा वर्षे आपल्या हाती होती. लाखेच्या किड्यावर, आपल्याकडच्या देशी पिठ्या ढेकणांवर ती माशी काय करते, हे तेव्हाच निवांत पाहून ठेवता आले असते.

टोमॅटोची टुटा नागअळी २००६ मध्ये स्पेनमध्ये आली, आपल्याकडे २०१४ मध्ये. अमेरिकन लष्करी अळी २०१६ मध्ये आफ्रिकेत, २०१८ मध्ये शिवमोग्यात आणि त्याच वर्षी सोलापुरात. वाटेवरची कीड दिसत असते. न्यूझीलंडने २०१८ मध्ये फळपिकांतला रस शोषणाऱ्या तपकिरी ढेकणाच्या विरोधात सामुराई नावाच्या माशीला अटींसह मंजुरी दिली, तेव्हा तो ढेकूण त्यांच्या देशात वसलेलाही नव्हता. तिथल्या देशी ढेकणांच्या अंड्यांवर ती माशी काय करते, हे आधीच तपासून ठेवले होते. शिवाय मंजुरीचा अर्ज लोकांसमोर ठेवला गेला आणि लोकांनी त्यावर लेखी मते दिली. शेतकऱ्यांनी दिली तशी निसर्गप्रेमींनीही दिली.

आपल्याकडे २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशाखाली मित्रकीटक आयात करायचा परवाना आपल्याच कार्यालयातून मिळतो. वनस्पती संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय मानकांपैकी क्रमांक ३ चे मानक याच विषयावर आहे, १९९६ मध्ये आलेले आणि २००५ मध्ये सुधारलेले. चौकट आहेच. तिला एक खिडकी पाडून द्या, एवढे मागतो. कुठलाही परदेशी कीटक सोडण्याआधी निदान दोन महिने, चाचणीची संपूर्ण माहिती मराठीसह शेतकऱ्यांच्या भाषांत प्रसिद्ध करावी. कोणते परके किडे घेतले, ते का घेतले, किती माद्या सोडल्या, किती किडे उघडून पाहिले, किती मेले, काळे ठिपके किती, माशीचा वाण कुठला, तिच्याबरोबर चोरपावलांनी आलेले दुसरे परजीवी वेगळे काढले का. शोधनिबंध निघतात, ते चांगलेच आहे. पण ते इंग्रजीत आणि बहुधा माशी सोडून झाल्यावर. आरमोरीच्या पालकाला त्याचा काय उपयोग?

देशातल्या देशात होणाऱ्या प्रवासाकडेही लक्ष द्या. आसामातला कीटक सांगलीत येतो तेव्हा कुठली आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडत नाही, पण ब्रह्मपुत्रेचे खोरे आणि सह्याद्री यांतले कीटकजगत एक नाही. लोकरी माव्याच्या एन्कार्सियाने आपले भलेच केले, ती त्या माव्याशी एकनिष्ठ निघाली. पुढची तशीच निघेल हे गृहीत धरू नये. निदान लांबच्या प्रदेशातून आणलेल्या कीटकासाठी परदेशी कीटकाइतकी नसली तरी छोटी चाचणी सक्तीची हवी.

आणि सोडल्यावर. पहिली दोन वर्षे सगळे पाहतात, कारण कीड कमी झाली का हे सगळ्यांनाच जाणून घ्यायचे असते. पाचव्या, दहाव्या वर्षी कुणी जात नाही. मायक्रोक्टोनसचा उपद्रव कळला तो शेताबाहेरच्या गवताळ माळांवर जाऊन किडे गोळा केले तेव्हा. शेतात उभे राहून तो दिसलाच नसता. पपईच्या माशीला आता दीड दशक होत आले. पपईच्या बागेबाहेर, रानातल्या देशी पिठ्या ढेकणांत आणि पळसावरच्या लाखेत ती आहे का, हे एकदा पद्धतशीर पाहावे. मला स्वतःला वाटते की ती सापडणार नाही, ती निवडक आहे. मग तर तसे आकड्यांसह जाहीर करणे अधिकच गरजेचे. पुढच्या माशीसाठी लोकांचा विश्वास अशाच नोंदींवर उभा राहील.

या कामाला लागणारे हात गावांत आहेत. विदर्भातल्या लाख आणि टसर पालकांना, कृषी महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना आणि आमच्यासारख्या प्रयोगशाळांतून निवृत्त झालेल्यांना नमुने गोळा करायला शिकवावे. लाखेची काडी कागदी पिशवीत बांधून ठेवायची, आतून काय निघते ते कुपीत भरायचे, तारीख आणि गाव लिहायचे आणि बंगळूरूला पाठवायचे. ओळख पटवण्याचे काम तज्ज्ञांचे, ते तुमच्याकडेच राहील. पळसावरचे लाखेचे कतकी पीक ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये उतरते. त्याआधी गोंदिया आणि गडचिरोलीच्या कृषी विज्ञान केंद्रांना एक परिपत्रक गेले आणि कुप्या पोचल्या, तर पहिले नमुने याच हंगामात मिळू शकतील. त्या भागात जाऊन हे काम शिकवायला मी स्वखर्चाने तयार आहे, आणि माझे काही जुने सहकारीही.

उत्तराच्या अपेक्षेत,

आपला नम्र,
ऊसपट्ट्यातील एक निवृत्त प्रयोगशाळा कर्मचारी